सिंगापूरमध्ये बाहेर जेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरला फिरायला किंवा नोकरीसाठी येणाऱ्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. शाकाहाराबद्दलचं उत्तर सर्वांत लांब आहे, कारण त्याचीच विचारणा सर्वांत जास्त होते आणि नुसतं ‘व्हेज’ म्हणून इथे भागत नाही.

१. हॉकर सेंटर म्हणजे नेमकं काय? ते आणि फूड कोर्ट एकच का?

एका छपराखाली अनेक लहान स्टॉल, मधोमध सामायिक टेबलं, डोक्यावर पंखे आणि चारही बाजूंनी बरंचसं मोकळं, असं हॉकर सेंटर असतं. प्रत्येक स्टॉलवर बहुधा दोन-चारच पदार्थ मिळतात. काही ठिकाणी तर एकच, आणि तोच वर्षानुवर्षं केला जातो. पूर्वी हे विक्रेते रस्त्याच्या कडेला गाड्या लावत. १९६८-६९मध्ये त्यांची देशभर नोंदणी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात सरकारने नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेली सेंटरं बांधून त्यांना तिथे जागा दिली. आज अशी ११०हून जास्त सेंटरं आहेत. २०२०च्या डिसेंबरात युनेस्कोने सिंगापूरची हॉकर संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की ‘स्वस्त आहे म्हणजे दुय्यम असणार’ या समजुतीने बरेच पाहुणे हॉकर सेंटर टाळतात आणि शहराचं खरं जेवण न चाखताच परत जातात. कृपया तसं करू नका.

फूड कोर्ट मॉलमध्ये असतो. तिथे एसी असतो आणि दर थोडे चढे असतात. कॉफीशॉप, म्हणजे ‘कोपीटियाम’, हे वसाहतींमधल्या इमारतींच्या तळमजल्यावर असतं आणि त्यात मोजकेच स्टॉल असतात. रीतभात तिन्हीकडे जवळपास सारखीच आहे.

२. एका माणसाला साधारण किती खर्च येतो?

हॉकर सेंटरमध्ये एका पोटभर पदार्थाला साधारण ४ ते ७ सिंगापूर डॉलर, कॉफी-चहाला दीड डॉलरच्या आसपास. पाटीवर लिहिलेला दर हाच शेवटचा दर. रेस्टॉरंटचा हिशेब वेगळा लागतो, तो प्रश्न १५मध्ये आहे.

३. पहिल्यांदाच जाणार आहोत. आधी बसायचं की आधी ऑर्डर द्यायची?

गर्दीच्या वेळी, म्हणजे दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ६ ते ८, आधी जागा धरा. टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, कारण काही स्टॉलवाले जेवण टेबलावर आणून देतात आणि नंबर विचारतात. ‘सेल्फ सर्व्हिस’ अशी पाटी असेल तर तिथेच थांबून ताट घ्यायचं. पैसे ऑर्डर देताना किंवा ताट हातात आल्यावर लगेच द्यायचे, जेवण संपेपर्यंत थांबायचं नाही.

घरातल्या चौघांनी चार वेगवेगळ्या स्टॉलवरून आणून एकाच टेबलावर जेवलं तरी चालतं. तीच तर इथली मजा आहे. चहा-कॉफी, सरबतं आणि पाणी देणारा स्टॉल वेगळा असतो. जेवणाच्या स्टॉलवर पाणी मागून मिळत नाही. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, त्यामुळे बाटली भरून सोबत ठेवा.

स्टॉलवाल्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला काका-मावशी म्हणायची आपली सवय इथे अगदी चपखल बसते. मागे रांग असेल तर काय हवं ते ठरवूनच पुढे व्हा. सूर तुटक वाटला तरी तो राग नसतो. एकटा माणूस शंभर ताटं काढत असतो.

४. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसतं. ते बाजूला सरकवून बसलं तर चालेल का?

नको. ती जागा धरलेली आहे. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. टिश्यू, छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही चालतं. कायद्याने त्याला काही आधार नाही, पण संकेत सगळे पाळतात. तुम्हीही पाकीट ठेवून ऑर्डर द्यायला जाऊ शकता, मात्र फोन किंवा पैशांचं पाकीट ठेवून जाऊ नका. मोठ्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या असतील तर विचारून खुशाल बसा. अनोळखी लोकांसोबत एका टेबलावर जेवणं इथे रोजचं आहे.

५. ताट उचललं नाही तर खरंच दंड होतो?

होतो. जून २०२१पासून आपला ट्रे, ताट-वाट्या आणि वापरलेले टिश्यू उचलून परतीच्या रॅकवर ठेवणं बंधनकारक आहे. हॉकर सेंटरमध्ये सप्टेंबर २०२१पासून आणि कॉफीशॉप-फूड कोर्टमध्ये जानेवारी २०२२पासून कारवाई सुरू झाली. पहिल्या खेपेला लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड, त्यापुढे कोर्ट. पर्यटक आहोत हे कारण चालत नाही. उष्टं तसंच राहिलं तर साळुंक्या आणि कबुतरं ताटावर तुटून पडतात, आणि ते निस्तरतात ते बहुतेक वयस्क सफाई कामगार. आपल्या मुलांना ट्रे उचलायला सांगा, त्यांना ते आवडतंही.

रॅक दोन प्रकारचे असतात, तो फरक प्रश्न १३मध्ये वाचा.

६. साधी, कमी गोड कॉफी मागायची तर काय म्हणायचं?

नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, पण साखर घातलेली. ‘कोपी-सी’ म्हणजे आटवलेलं बिनगोडाचं डबाबंद दूध आणि साखर. याला पुढचे शब्द जोडत जायचे: ‘कोसोंग’ म्हणजे बिनसाखरेची, ‘सिउ दाय’ म्हणजे कमी गोड, ‘गाउ’ म्हणजे कडक, ‘पो’ म्हणजे फिकी, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घातलेली. चहालाही हेच शब्द, फक्त ‘कोपी’च्या जागी ‘तेह’. आल्याचा चहा हवा असेल तर ‘तेह हालिया’.

मधुमेह असलेल्यांनी ‘कोपी-ओ कोसोंग’ किंवा ‘कोपी-सी कोसोंग’ मागावी. कंडेन्स्ड मिल्कची कॉफी घेतली तर वरून साखर नसली तरी दुधातच ती भरपूर असते. आणखी एक गोष्ट: इथल्या पारंपरिक कॉफीच्या बिया भाजतानाच त्यात साखर आणि लोणी किंवा मार्गरिन घालतात. पथ्य कडक असेल तर हेही लक्षात असू द्या.

७. यूपीआय चालतं का? कार्ड? की रोखच न्यायची?

रोख ठेवाच, शक्यतो २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा. स्टॉलवर क्यूआर कोड दिसतात, पण ते मुख्यतः इथल्या बँकांच्या ‘पे-नाऊ’ वगैरे सोयींसाठी असतात. फेब्रुवारी २०२३मध्ये यूपीआय आणि पे-नाऊ जोडले गेले, ते मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवण्यासाठी. काही दुकानांत यूपीआय घेतात, तरी हॉकरच्या स्टॉलवर ते गृहीत धरून जाऊ नका. रेस्टॉरंटमध्ये कार्ड सर्रास चालतं.

८. इतक्या सेंटरांपैकी आम्ही कोणत्या सेंटरला जावं?

तुम्ही उतरलात तिथून चालत जाता येईल अशा सेंटरला. हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण वसाहतीतलं सेंटर हेच इथल्या लोकांचं रोजचं स्वयंपाकघर आहे. पर्यटकांसाठी दर वाढवलेले नसतात आणि सकाळी सातला पेपर वाचत कोपी पिणारे आजोबा तिथेच भेटतात.

वेळ काढून जायचंच असेल, तर चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये सर्वांत जास्त स्टॉल आहेत, २००च्या वर. मॅक्सवेल त्याच्या जवळच आहे. लाऊ पा सात ही ओतीव लोखंडाची अष्टकोनी इमारत १८९४ची. संध्याकाळी तिच्या बाजूचा बून टाट रस्ता वाहनांना बंद होतो आणि तिथे साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजणाऱ्यांच्या शेगड्या लागतात. मलय जेवणासाठी गेलांग सेराय, भारतीय जेवणासाठी लिटल इंडियातलं टेक्का. ईस्ट कोस्ट लगून समुद्राला लागून आहे, तिथे संध्याकाळीच जावं.

मिशेलिन या नामांकित खाद्य-मार्गदर्शिकेच्या यादीतल्या स्टॉलसाठी तासभर रांग लावावी का, असंही बरेच जण विचारतात. २०१६मध्ये सिंगापूरची पहिली मिशेलिन यादी आली, तेव्हा दोन हॉकर स्टॉलना तारा मिळाला आणि जगभर बातमी झाली. त्या लोकांचं कौतुक रास्तच आहे. पण लहान मुलांना घेऊन तासभर उभं राहण्यापेक्षा ऑफिसातली माणसं जिथे दहा-बारा जणांची रांग लावतात तिथे जा. रोज जेवणाऱ्यांची रांग सहसा चुकत नाही.

९. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. हॉकर सेंटरमध्ये काही खाता येईल का?

येईल, आणि चवीनेही खाता येईल. मात्र बघून ओळखता येत नाही, विचारावंच लागतं. इथल्या बऱ्याच पदार्थांत मांसाचा तुकडा दिसत नाही, पण चवीचा पाया मासळीचा असतो.

लाक्सा या नूडल्सच्या रश्शात वाटलेले सोडे असतात. सांबल या लाल चटणीत बहुधा ‘बेलाचान’ असतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. रोजाक ही फळं-काकडीची कोशिंबीर दिसते, पण तिचा काळा सॉस कोळंबीचा असतो. नासी लेमाकचा नारळाच्या दुधातला भात शाकाहारी असतो, पण वर सुकी मासळी आणि सांबल असतं. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नसतंच. मुळा आणि तांदळाच्या पिठाचा तो उकडलेला गोळा असतो, अंड्यासोबत परततात, आणि तेलाऐवजी डुकराची चरबी वापरणारेही आहेत. चार क्वे तिओ या चपट्या नूडल्समध्येही तीच चरबी घालायची जुनी पद्धत आहे. परतलेल्या साध्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओततात. योंग ताउ फू हे टोफू आणि भाज्यांचं दिसतं, पण बऱ्याच तुकड्यांत माशाचं सारण भरलेलं असतं.

म्हणून विचारताना पदार्थांची नावं घेऊन विचारा: ‘नो मीट, नो फिश, नो श्रिंप, नो ऑयस्टर सॉस, नो लार्ड.’ अंडं चालत नसेल तर ‘नो एग’ वेगळं सांगा. काया टोस्टवरचा नारळाचा गोड जॅमही अंड्याचा असतो. एवढं विचारूनही कढई आणि झारा तेच असतात. ते चालत नसेल तर फक्त शाकाहारी स्टॉलच गाठा (प्रश्न १०).

निवांतपणे खाण्याजोगं बरंच आहे. भारतीय स्टॉलवर तोसै, म्हणजे आपला डोसा, आणि इडली. रोटी प्राटासोबत बहुधा माशाची किंवा मटणाची करी येते, तेव्हा ‘डाल’ मागा आणि पिठात अंडं आहे का ते विचारा. गोडात ताउ हुए, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं मऊसूत खरवसासारखं काहीतरी. चेंडोलमध्ये नारळाचं दूध, पानांच्या रसाने हिरव्या केलेल्या शेवया आणि गुला मलाका हा माडाचा काळसर गूळ असतो. कोकणातल्या माणसाला ही चव पहिल्या चमच्यालाच घरची वाटेल. शेंगदाण्याचं कूट भरलेली जाड घडीची धिरडी, ‘मिन ज्यांग क्वे’, सकाळी गरम मिळतात. पिठात अंडं मात्र असू शकतं.

भारतीय स्टॉल म्हणजे शाकाहारी, असंही समजू नका. टेक्का सेंटरमध्ये डोशाच्या स्टॉलशेजारीच बिर्याणीचे स्टॉल आहेत. पूर्ण शाकाहारी भारतीय जेवणासाठी लिटल इंडियात १९२४पासूनचं आनंद भवन आणि सेरंगून रोडवरचं १९४७पासूनचं कोमल विलास ही जुनी नावं आहेत.

१०. चिनी शाकाहारी स्टॉल असतात म्हणे. ते ओळखायचे कसे? जैन माणसाला तिथे चालेल का?

बऱ्याच सेंटरांत असा एखादा स्टॉल असतो. पाटीवर शाकाहारासाठीचं ‘सू’ हे चिनी अक्षर असतं. त्याचं चित्र फोनमध्ये ठेवलंत तर लांबून ओळखता येईल. सकाळी तिथे तांदळाच्या शेवया म्हणजे बी हून, कोबी, टोफूची तळलेली साय आणि सोयाबीन-गव्हाच्या पिठापासून केलेलं नकली मांस मिळतं. ते इतकं हुबेहूब असतं की पहिल्यांदा पाहणारा दचकतो. नको असेल तर नुसत्या भाज्या बोट दाखवून घ्या.

बौद्ध परंपरेच्या स्टॉलवर कांदा, लसूण आणि पात वर्ज्य असते, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मोठी सोय होते. पण बटाटा, गाजर, मुळा, सुरणासारखे कंद आणि अळंबी तिथे भरपूर वापरतात. जैन आहार काटेकोर पाळणाऱ्यांनी प्रत्येक भाजी बघून घ्यावी. अंडंही काही ठिकाणी असतं.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या प्रतिपदेच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी बौद्ध शाकाहार पाळतात. त्या दिवशी इथे लांब रांगा लागतात आणि माल लवकर संपतो.

११. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास आहे. बाहेर काय खाऊ?

फळांचा स्टॉल शोधा. पपई, कलिंगड, पेरू, अननस, ड्रॅगन फ्रूट कापून देतात आणि ताजा रसही काढतात. साखर नको असेल तर आधी सांगा. शहाळीही मिळतात. गोडाच्या स्टॉलवर ‘सागो गुला मलाका’ असेल तर तो साबुदाणा, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ असा असतो. उपवासाला चालेल की नाही हे तुमच्या घरच्या नियमांवर आहे. भांडी सामायिक असतात, हेही धरून चला.

१२. आम्ही मांसाहारी आहोत, पण बीफ आणि पोर्क खात नाही. काय काळजी घ्यायची?

पोर्कसाठी सोपी खूण आहे. हलाल प्रमाणपत्र असलेल्या स्टॉलवर ते नसतंच. चिनी स्टॉलवर पदार्थाच्या नावात ‘बाक’ असेल तर सहसा डुकराचं मांस, जसं बाक कुत तेह किंवा बाक चोर मी. ‘चार सिउ’ म्हणजेही तेच, गोडसर भाजलेलं. चिकन राइसचा स्टॉल सुरक्षित वाटतो, पण तिथे बरेचदा चार सिउ आणि भाजलेलं पोर्कही असतं आणि एकाच ठोकळ्यावर कापतात.

बीफच्या बाबतीत उलट आहे. हलाल स्टॉलवर ते असू शकतं. रेंडांग हे मलय सुकं मटण बहुधा बीफचंच, साते आणि मुर्तबाक (खिमा भरलेला पराठा) विचारून घ्यावं. इथल्या अनेक चिनी आणि तमिळ घरांतही बीफ खात नाहीत, त्यामुळे ‘नो बीफ’ म्हटल्यावर कुणाला नवल वाटत नाही.

१३. सोबत मुस्लिम मित्र आहेत. एकाच टेबलावर सगळ्यांनी वेगवेगळं घेतलं तर चालतं का?

चालतं, रोज चालतं. फक्त ट्रे, ताटं, चमचे आणि चॉपस्टिक वेगळे ठेवा, एकमेकांच्या ताटात घालू नका. परत करताना हलाल आणि बिगरहलाल असे रॅक वेगळे असतात, पाटी वाचून ठेवा. घाईत चुकीच्या रॅकवर ठेवलेलं एक ताट स्टॉलवाल्याला फार त्रासाचं होतं, कारण हलाल भांड्यांत बिगरहलाल भांडं मिसळून चालत नाही.

१४. आम्ही कोकणातले, मासे हवेतच. काय घ्यावं?

सांबल लावून केळीच्या पानावर भाजलेलं पाकट. याच्याइतकी शिफारस दुसऱ्या कशाचीच नाही. वर लिंबू पिळा आणि गरम असतानाच संपवा. ‘सोतोंग’ म्हणजे माकूल, ‘लाला’ म्हणजे तिसऱ्यांच्या जातीची शिंपली. ‘आसाम पेडास’ हे चिंचेचं आंबट-तिखट कालवण आहे. माशाच्या डोक्याची करी ही सिंगापुरात जन्मलेली. केरळी मसाला आणि चिनी लोकांची डोक्याची आवड यांच्या मेळातून ती झाली. दोघा-तिघांत एक पुरते.

‘हम’ नावाची लाल रक्ताची शिंपली इथे अर्धीकच्ची खातात. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना ती देऊ नका.

मोठे मासे, खेकडे आणि मोठ्या कोळंब्या यांच्या दराच्या जागी ‘सीझनल प्राइस’ लिहिलेलं असेल, तर दर १०० ग्रॅमचा की नगाचा, वजन किती आणि एकूण किती होतील, हे तिन्ही प्रश्न शिजवायला घेण्याआधी विचारा. यात संकोच करू नका, इथलेही विचारतात.

१५. रेस्टॉरंटचं बिल मेन्यूपेक्षा इतकं जास्त कसं आलं?

मेन्यूवर दरापुढे ‘++’ असेल तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या एकूण रकमेवर ९ टक्के जीएसटी लागतो. १०० डॉलरचे ११०, आणि त्यावर कर लागून ११९.९०. जीएसटी जानेवारी २०२४पासून ९ टक्के आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे धरू नका. ‘नेट’ लिहिलं असेल तर तोच शेवटचा दर.

चिनी रेस्टॉरंटमध्ये बसल्याबरोबर शेंगदाणे किंवा लोणच्याची बशी आणि ओले रुमाल येतात. ते फुकट नसतात. नको असतील तर हात लावायच्या आधी ‘नको’ म्हणा, परत नेतात आणि बिलातून वगळतात. पाण्याचेही बरेचदा पैसे लागतात.

टिप द्यायची पद्धत नाही, ना रेस्टॉरंटमध्ये ना हॉकर सेंटरमध्ये.

१६. नाव वाचून मुद्दाम गेलो तर स्टॉल बंद. असं का होतं?

चार कारणं असतात. माल संपला की स्टॉल बंद, मग दुपारचे दीड का वाजलेले असेनात. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, बऱ्याच जणांची सोमवारी. ठरावीक महिन्यांनी संपूर्ण सेंटर साफसफाईसाठी बंद राहतं, त्याच्या तारखा आधीच जाहीर होतात आणि सेंटरमध्ये फलकही लागतो. चौथं कारण सण. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, चिनी स्टॉल काही दिवस सलग बंद असतात. त्या आठवड्यात भारतीय आणि मलय स्टॉलवर भिस्त ठेवा. हारी रायाला, म्हणजे ईदला, मलय आणि दिवाळीला भारतीय स्टॉलवाले सुट्टी घेतात.

१७. पार्सल घेऊन मेट्रोत खाल्लं तर?

पार्सल घ्या, त्याला ‘दाबाओ’ किंवा ‘तापाउ’ म्हणतात. डब्याचे थोडे सेंट जास्त पडतात. मेट्रोत आणि स्टेशनात मात्र काहीही खाऊ-पिऊ नका. दंड ५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि पाण्याचा घोटही त्यात येतो. ड्युरियन फळ तर न खाताही मेट्रोत नेता येत नाही.

१८. आई-बाबा सत्तरीचे आहेत, नात तीन वर्षांची. त्यांना झेपेल का?

झेपेल, वेळ नीट निवडली तर. सकाळी ८ ते १० किंवा दुपारी ३ ते ५ गर्दी कमी असते आणि पंख्याखालचं टेबल मिळतं. दुपारचा उकाडा मात्र मुंबईच्या मे महिन्यासारखा वर्षभर असतो. तिखट सहसा वेगळं देतात. रश्शाच्या पदार्थांत ते आधीच असतं, तेव्हा ‘नो चिली’ सांगा. मऊ आणि सौम्य काही हवं असेल तर कॉन्जी, म्हणजे तांदळाची पेज. साधी मागितली तरी ती बहुधा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवलेली असते, शाकाहारी आजीला देण्याआधी विचारा.

१९. वरण-भात, थालीपीठ, असं मराठी जेवण कुठे मिळतं का?

रोजच्या रोज मिळणं अवघड. इथली जुनी भारतीय खाद्यसंस्कृती मुख्यतः तमिळ आहे. काही उत्तर भारतीय रेस्टॉरंटांत वडापाव, पावभाजी असते. घरगुती डबे करणारी मराठी कुटुंबंही आहेत, ओळखीतून पत्ता लागतो. गणेशोत्सवात आलात तर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जरूर जा. दोन-चार दिवसांच्या सहलीत मात्र घरच्या जेवणाचा शोध घेण्यात एक संध्याकाळ घालवू नका.

२०. नीट सांगूनही ताटात कोळंबी निघाली. काय करायचं?

ताट तसंच घेऊन स्टॉलवर परत जा, आवाज न चढवता दाखवा. बहुतेक जण निमूटपणे दुसरं करून देतात. नुसती कोळंबी काढून तेच ताट परत देत असतील आणि ते तुम्हाला चालत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा.

ॲलर्जीचा प्रश्न असेल तर मात्र ही वाट धरूच नका. शेंगदाणे आणि कोळंबी इथे जवळजवळ प्रत्येक कढईच्या आसपास असतात, आणि एकट्याने राबणारा स्टॉलवाला तुम्हाला खात्री देऊ शकत नाही. अशा वेळी साहित्य विचारून घेता येईल असं रेस्टॉरंट निवडा, ॲलर्जीचं औषध खिशात ठेवा, आणि श्वास लागला किंवा ओठ सुजले तर ९९५ वर ॲम्ब्युलन्स बोलवा.